पेशीअंगकं पाठ आहेत, तरी पेशी का समजत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी अकरावीत आहे, पुढे नीट ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यायची आहे. केंद्रक, रायबोझोम, गॉल्गी, लायसोसोम, सगळ्यांची कामं तिला तोंडपाठ आहेत. पण ‘हे सगळे मिळून नेमकं करतात काय’ असं विचारलं की ती गप्प होते, आणि पाठ केलेलं महिन्याभरात विसरते. तिला पेशी समजावी कशी?

हे फक्त तिच्या बाबतीत होत नाही. आमच्याकडे एमडी करायला आलेली मुलंसुद्धा पहिल्या वर्षी इथेच अडखळतात. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, गेली सव्वीस वर्षं रोज मायक्रोस्कोपला डोळे लावून बसते. त्या अनुभवातून सांगते.

तिच्या स्मरणशक्तीला बोल लावू नका. अडचण त्या आकृतीची आहे. पुस्तकात अर्धी कापून दाखवलेली ती रंगीत पेशी, जिच्यात प्रत्येक अंगक एक-एक, दोन-दोन नग मांडून ठेवलेलं असतं, तशी पेशी शरीरात कुठेच सापडत नाही. परिपक्व तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतं, मायटोकॉन्ड्रिया नसतात, रायबोझोमही उरलेले नसतात. नुसती हिमोग्लोबिनने भरलेली पिशवी. हृदयाच्या स्नायूपेशीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग मायटोकॉन्ड्रियांनीच व्यापलेला असतो. शुक्रपेशीत पेशीद्रव्य नावालाच. ज्या पेशीला जे काम, तसं तिच्या घरातलं सामान. म्हणून यादी बाजूला ठेवून एकच खरी पेशी घ्यायची आणि तिच्या कामाचा माग काढत आतून फिरायचं. मी शिकवताना नेहमी प्लाझ्मा पेशी घेते, कारण साध्या मायक्रोस्कोपखालीसुद्धा हिची तीन अंगकं डोळ्यांना जाणवतात. बाकीच्या बहुतेक पेशींत त्यासाठी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो.

प्लाझ्मा पेशीचं काम एकच: अँटीबॉडी बनवून बाहेर सोडणं. लस टोचली, गोवर होऊन गेला, की काही बी लिम्फोसाइट पेशी रूप बदलून प्लाझ्मा पेशी होतात. भरात असलेली एक पेशी दर सेकंदाला हजारो अँटीबॉडी रेणू बाहेर टाकते. बोन मॅरोच्या स्लाइडला लिशमनचा रंग दिलेला असतो. तेलाचा थेंब टाकून शंभरच्या ऑब्जेक्टिव्हखाली आणली की ही पेशी अशी दिसते: आकार लांबट गोल, शेजारच्या तांबड्या पेशीच्या दीड-दोन पट. केंद्रक मधोमध नाही, एका कडेला सरकलेलं. पेशीद्रव्य गडद निळं, शाईत बुडवून काढल्यासारखं. आणि केंद्रकाला लागूनच, त्या निळ्यामध्ये, एक फिकट चंद्रकोर. या तीन खुणा जुळल्या की आम्हाला नाव विचारावं लागत नाही. तिच्या पुस्तकातली तीन अंगकं ती हीच.

केंद्रकापासून सुरुवात करू. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो आणि तो राहतो काही मायक्रोमीटर व्यासाच्या केंद्रकात. हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर तो गुंडाळलेला असतो, आणि ही गुंडाळी सगळीकडे सारखी घट्ट नसते. ज्या जनुकांची गरज नाही तो भाग आवळून बांधलेला, तो रंग जास्त घेतो आणि काळपट दिसतो. जी जनुकं वापरात आहेत तो भाग सैल, म्हणून फिका. प्लाझ्मा पेशीला अँटीबॉडीची आणि तिला लागणाऱ्या यंत्रणेची जनुकं उघडी हवीत, बाकीचं बासनात गेलं तरी चालतं. म्हणून तिच्या केंद्रकात काळपट ढेकळं कडेकडेने बसलेली दिसतात, घड्याळाच्या तबकडीवरच्या आकड्यांसारखी. ल्युकेमियाच्या ब्लास्ट, म्हणजे अपरिपक्व, पेशीत याच्या उलट: केंद्रक मोठं, क्रोमॅटिन, म्हणजे डीएनए आणि हिस्टोनची ती गुंडाळी, रांगोळीसारखं बारीक पसरलेलं, आणि त्यात एक-दोन ठळक ठिपके. ते ठिपके म्हणजे केंद्रकी. प्रथिनं बनवणाऱ्या रायबोझोमचे भाग तिथे जोडले जातात. पेशीला भरपूर प्रथिनं करायची असली, जसं भराभर विभागणाऱ्या पेशीला करावी लागतात, तर रायबोझोम जास्त लागणार, म्हणजे केंद्रकी फुगणार. आमच्या बायोप्सी रिपोर्टमध्ये ‘केंद्रकी ठळक आहेत’ असं जे लिहिलेलं असतं त्याचा अर्थ इतका सरळ आहे. एकदा हे समजल्यावर ‘केंद्रकीचं कार्य लिहा’ हा प्रश्न पाठ करावा लागत नाही.

केंद्रकाभोवती दुपदरी आवरण असतं आणि त्याला काही हजार छिद्रं असतात. ही उघडी भोकं नव्हेत, पहारा असलेली दारं आहेत. जनुकाची उतरवून घेतलेली प्रत, म्हणजे संदेशवाहक आरएनए, इथून बाहेर पडते. डीएनए आतच राहतो. दृश्यकेंद्रकी, म्हणजे केंद्रक असलेल्या, पेशीची खरी ओळख इथे आहे. जीवाणूत अशी भिंत नसल्यामुळे प्रत उतरता उतरताच तिच्यावरून प्रथिन बनायला लागतं. आपल्या पेशीत मात्र मूळ दस्तऐवज एका खोलीत आणि काम दुसऱ्या खोलीत, त्यामुळे मध्ये प्रत तपासायला, तिच्यातले नको ते तुकडे कापायला सवड मिळते. आणखी एक गोष्ट आकृतीत हरवते: केंद्रकाच्या आवरणाचा बाहेरचा पदर पुढे सलग आंतर्द्रव्यजालिका, म्हणजे पेशीद्रव्यात पसरलेलं पटलांचं जाळं, होतो. ते दोन वेगळे अवयव नव्हेत, एकच पापुद्रा आहे.

आता ते गडद निळं पेशीद्रव्य. आमचे निळे रंग आम्लधर्मी रेणूंना चिकटतात. डीएनए आम्लधर्मी, आरएनएसुद्धा आम्लधर्मी. रायबोझोमचा निम्म्याच्या आसपास भाग आरएनएच असतो. तेव्हा पेशीद्रव्य निळं दिसतंय याचा अर्थ तिथे रायबोझोम खच्चून भरलेत, म्हणजे खडबडीत, रायबोझोम चिकटलेली, आंतर्द्रव्यजालिका थरावर थर रचलेली आहे. हीच निळाई स्वादुपिंडाच्या पाचकरस बनवणाऱ्या पेशींच्या तळाशी दिसते, चेतापेशीत निळ्या ढेकळांच्या रूपात दिसते. सव्वीस वर्षांत किती हजार वेळा पाहिलं असेल, तरी त्या निळ्याकडे बघून मला आजही कामाची लगबग ऐकू येते.

रायबोझोमची रचना अणूंच्या पातळीवर उलगडल्याबद्दल २००९ साली रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं: एडा योनाथ, थॉमस स्टाइट्झ आणि चिदंबरमला जन्मलेले, बडोद्याला शिकलेले वेंकटरामन रामकृष्णन. याचा आपल्या रोजच्या औषधांशी थेट संबंध आहे. अझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन, स्ट्रेप्टोमायसिन ही औषधं जीवाणूंच्या रायबोझोममध्ये अडकून बसतात. आपले रायबोझोम बांधणीत वेगळे, म्हणून आपण वाचतो. पण पेशीत एक जागा अशी आहे जिथे हा भेद पुसट होतो. तिच्याकडे पुढे येईन.

मुलींचा नेहमीचा प्रश्न असतो, काही रायबोझोम जालिकेला चिकटलेले आणि काही सुटे, हे ठरवतं कोण? रायबोझोम सगळे एकाच जातीचे. फरक पडतो तो त्यांच्यावर बनत असलेल्या प्रथिनामुळे. जे प्रथिन बाहेर पाठवायचं आहे त्याची पहिली पंधरा-तीस अमिनो आम्लं म्हणजे पाकिटावरचा पत्ता असतो. तो तुकडा रायबोझोममधून डोकावला की एक वाहक रेणू त्याला पकडतो आणि रायबोझोमसकट सगळं जालिकेच्या दाराशी नेऊन लावतो. पुढची साखळी थेट जालिकेच्या आत उतरते. ज्या प्रथिनावर हा पत्ता नाही ते पेशीद्रवातच तयार होतं आणि तिथेच राहतं किंवा केंद्रकात, मायटोकॉन्ड्रियात जातं. ग्युंटर ब्लोबेल यांना १९९९ सालचं नोबेल याच शोधासाठी मिळालं.

जालिकेच्या आत अँटीबॉडीची जोडणी होते: दोन जड साखळ्या, दोन हलक्या, मध्ये गंधकाचे बंध. घडी चुकली तर तो माल पुढे सोडला जात नाही. पुन्हा घडी घालून पाहतात, नाहीच जमलं तर बाहेर खेचून प्रोटिएझोम नावाच्या नळकांड्यात त्याचे तुकडे करतात. हे प्रोटिएझोम बहुतेक शालेय आकृत्यांत नसतं, आणि ते नसावं याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्याच्यावर आज माणसं जगतायत. मल्टिपल मायलोमा हा प्लाझ्मा पेशींचाच कर्करोग. त्या पेशी प्रथिनांचा एवढा रगाडा उपसत असतात की चुकलेला मालही प्रचंड निघतो आणि तो तोडणं थांबलं की त्या स्वतःच्याच कचऱ्याखाली गुदमरतात. बोर्टेझोमिब हे औषध नेमकं प्रोटिएझोम बंद पाडतं. २००३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आता ते आपल्याकडेही सर्रास वापरात आहे. कधी कधी स्लाइडवर अशीही प्लाझ्मा पेशी भेटते जिच्यात गुलाबी, काचेच्या गोट्यांसारखे गोळे भरलेले असतात. ते गोळे म्हणजे बाहेर न पडू शकलेली, जालिकेतच साचलेली अँटीबॉडी. त्यांना रसेल बॉडी म्हणतात. मुलांना ती पेशी दाखवली की ‘जालिका म्हणजे काय’ हे पुन्हा सांगावं लागत नाही.

गुळगुळीत जालिकेबद्दल थोडक्यात. तिच्यावर रायबोझोम नाहीत, प्रथिनं बनत नाहीत. यकृतात ती औषधं आणि विषारी द्रव्यं निकामी करते. फिट्सवरचं फिनोबार्बिटोन बरेच दिवस चालू असेल तर यकृतपेशीत ती वाढलेली आढळते. अधिवृक्क ग्रंथीत ती स्टिरॉइड संप्रेरकं बनवायला हातभार लावते. स्नायूत तिचं काम कॅल्शियम साठवून वेळेला सोडण्याचं.

आता ती फिकट चंद्रकोर. तिथे रायबोझोम नाहीत म्हणून ती निळी होत नाही. ते गॉल्गी संकुल. इतर बहुतेक पेशींत ते असं सहज नजरेला पडत नाही, म्हणून त्याच्यावर कित्येक दशकं वाद चालला. इटलीत पॅव्हियाला कामिलो गॉल्गी यांनी १८९८ साली चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या चेतापेशीत हे जाळं पाहिलं. अनेकांचं म्हणणं, हा रंगवण्यातला दोष आहे, असं काही पेशीत नसतं. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आला आणि चपट्या पिशव्यांची ती चळत सगळ्यांना दिसली. गॉल्गी तोवर हयात नव्हते.

तिथे चालतं काय? जालिकेतून निघालेल्या पुटिका, म्हणजे पटलाच्या इवल्या पिशव्या, गॉल्गीच्या एका बाजूने येऊन मिळतात, माल एकेका थरातून पुढे सरकतो, वाटेत त्याला साखरेच्या साखळ्या लावतात, छाटतात, आणि दुसऱ्या बाजूला ज्याच्या त्याच्या ठिकाणाप्रमाणे वेगळा काढतात. जॉर्ज पॅलेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या पेशींना किरणोत्सारी अमिनो आम्ल अगदी थोडा वेळ दिलं आणि ते कुठे कुठे जातं याचा माग काढला. पहिल्या तीन मिनिटांत ते खडबडीत जालिकेत होतं, वीसेक मिनिटांच्या आत गॉल्गीपाशी, आणि दोन तासांच्या सुमारास बाहेर पडायच्या तयारीत असलेल्या कणांमध्ये. तुमच्या मुलीला माझी कळकळीची विनंती आहे: हा प्रवास तिने एकदा कागदावर वेळेसकट काढावा. केंद्रक, छिद्र, रायबोझोम, जालिका, पुटिका, गॉल्गी, पुन्हा पुटिका, पेशीपटल. अर्धा धडा या एका ओळीत येतो.

‘पत्ता घालून पाठवतात’ हे नुसतं समजावण्यापुरतं बोलणं नाही, याचा पुरावा एका दुर्मिळ आजारात मिळतो. पेशीतल्याच लायसोसोमकडे, मराठी पुस्तकातल्या लयकारिकेकडे, जायच्या विकरांना (एन्झाइमना) गॉल्गीत मॅनोज-६-फॉस्फेट अशी खूण चिकटवली जाते. आय-सेल नावाच्या आजारात ती खूण लावणारं विकर जन्मतः बिघडलेलं असतं. मग होतं काय, लायसोसोमची विकरं अगदी नीट बनतात, पण खूण नसल्यामुळे पेशीबाहेर निघून जातात. बाळाच्या रक्तात ती मोठ्या प्रमाणात सापडतात आणि पेशीच्या आत मात्र न पचलेल्या मालाची गाठोडी साठत राहतात. माल उत्तम, पत्ता नाही, आणि एवढ्यावरून एक बाळ वाढत नाही.

लायसोसोमला पुस्तकं ‘आत्मघाती पिशव्या’ म्हणतात आणि मुलं तेवढंच लक्षात ठेवतात. मला हे नाव पटत नाही. त्याचं रोजचं काम मोडतोड करून पुन्हा वापरण्याजोगं काढण्याचं आहे. बेल्जियमचे क्रिस्तियान द द्युव्ह १९४९ मध्ये उंदराच्या यकृताचा लगदा करून एका विकराची मोजणी करत होते, आकडा अपेक्षेपेक्षा फारच कमी आला. तोच नमुना फ्रीजमध्ये राहिला, पाच दिवसांनी पुन्हा मोजला तर आकडा वाढलेला. म्हणजे विकर सुरुवातीपासून होतंच, पण कुठल्यातरी पिशवीत बंद होतं आणि पिशवी हळूहळू फुटली. त्या निरीक्षणातून पुढे १९५५ मध्ये लायसोसोम हे नाव आलं. आत आम्लता पीएच पाचच्या आसपास, बाहेर पेशीद्रवात सात-सव्वासात. विकरं आम्लातच नीट चालतात, त्यामुळे थोडी गळती झाली तरी पेशी लगेच मरत नाही.

एका लहान मुलाची बोन मॅरो मला आठवते. पोट फुगलेलं, प्लीहा बेंबीपर्यंत आलेली, हिमोग्लोबिन घसरलेलं. स्लाइडवर मोठमोठ्या पेशी होत्या आणि त्यांचं पेशीद्रव्य चुरगळून पुन्हा उलगडलेल्या टिश्यू पेपरसारखं. गोशे आजार. लायसोसोममधलं एकच विकर कमी. प्लीहेतल्या भक्षक पेशी रोज जुन्या रक्तपेशी गिळतात. तांबड्या पेशीचं आयुष्य सुमारे १२० दिवस, तेव्हा मोडीत निघणाऱ्यांची संख्या अफाट असते. त्यांच्या पटलातला एक स्निग्ध पदार्थ या विकराविना पचत नाही आणि साठत जातो. त्या चुण्या म्हणजे तो साठलेला पदार्थ. आज हे विकर बाहेरून देता येतं, आणि भक्षक पेशींनी ते ओळखून आत घ्यावं म्हणून त्याच्या साखरेच्या साखळ्या मुद्दाम छाटलेल्या असतात. गॉल्गीचं काम माणसाने हातात घेतलं, असं मी विद्यार्थ्यांना सांगते.

‘आत्मघाती’ हे विशेषण द्यायचंच तर ते मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे तंतुकणिकेला शोभेल. गर्भात हाताची बोटं सुटी होतात कारण मधल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात. अशा नियोजित मरणाच्या एका मोठ्या वाटेवर मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम-सी नावाचं प्रथिन बाहेर येतं आणि तोच इशारा ठरतो. ऊर्जा देणारं आणि मरणाची घंटा वाजवणारं अंगक एकच आहे, हे मुलांना सांगितलं की वर्गात एकदम शांतता पसरते.

ऊर्जेचं म्हणाल तर ‘पेशीचं पॉवरहाऊस’ हे शब्द सगळ्यांना येतात, पण वीज कशी बनते ते विचारावं. कोयनेचं पाणी उंचावर अडवतात आणि बोगद्यातून पोफळीला टर्बाइनवर सोडतात, तसंच आत आहे. अन्नातून मिळालेल्या इलेक्ट्रॉनच्या जोरावर हायड्रोजनचे आयन आतल्या पटलाच्या पलीकडे उपसले जातात. ते परत यायला बघतात, वाट एकच, एटीपी सिंथेज नावाच्या यंत्रातून, आणि त्यातच एटीपी हा पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू बनतो. ते यंत्र खरोखर फिरतं. १९९७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्याच्या दांड्याला अ‍ॅक्टिनचा चमकणारा धागा चिकटवला आणि तो गरगर फिरताना मायक्रोस्कोपखाली पाहिला. पीटर मिचेल यांनी १९६१ साली ही आयनांच्या साठ्याची कल्पना मांडली तेव्हा फार थोड्यांनी ती मानली. १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आतल्या पटलाला घड्या का, हे आता सांगायला नको: जितकं पटल जास्त, तितकी यंत्रं जास्त बसतात.

आता मघाशी राहिलेलं. मायटोकॉन्ड्रिया एकेकाळी स्वतंत्र जीवाणू होते आणि दुसऱ्या पेशीत राहायला आले, ही मांडणी लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये जोरकसपणे केली. त्यांचा वेगळा गोल डीएनए आहे, १६,५६९ बेस-जोड्यांचा, ३७ जनुकांचा, आईकडून येणारा. रायबोझोमही जीवाणूंच्या वळणाचे. हा इतिहास मला रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसतो. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीला लिनेझोलिड देतात. ते जीवाणूचा रायबोझोम अडवतं, पण काही आठवडे-महिने चाललं की आपल्या मायटोकॉन्ड्रियाचे रायबोझोमही अडवतं. मग बोन मॅरो थकते, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट उतरतात, पायांना मुंग्या येतात. म्हणून त्या रुग्णांचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, वारंवार करायचा असतो. टीबीचा जंतू आणि आपल्या पेशीतली तंतुकणिका यांचं जुनं नातं, त्या एका कागदावर.

पेशीचा सांगाडा हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग. पुस्तकात त्याला चार ओळी मिळतात. पण पुटिका जालिकेकडून गॉल्गीकडे आपोआप तरंगत जात नाहीत. ट्युब्युलिन या प्रथिनाच्या नळ्यांचे रूळ असतात आणि त्यांच्यावर कायनेसिन, डायनीन ही प्रथिनं अक्षरशः पावलं टाकत ओझं ओढतात. कमरेतल्या मज्जारज्जूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा चेतातंतू जवळजवळ मीटरभर लांब. माल बनतो वरच्या टोकाला, लागतो खालच्या टोकाला. वेगवान वाहतूक दिवसाला सुमारे ४० सेंटीमीटर, म्हणजे पोचायला दोन-अडीच दिवस. आता अंगणातली सदाफुली आठवा. तिच्यातून मिळणारं विन्क्रिस्टिन मुलांच्या ल्युकेमियात दिलं जातं. ते ट्युब्युलिन जुळू देत नाही, म्हणून पेशी विभागायला लागली की गुणसूत्रं ओढून नेणारे धागेच तयार होत नाहीत आणि कर्करोगाची पेशी अडकून मरते. पण चेतापेशीचे रूळही त्याच ट्युब्युलिनचे. म्हणूनच या औषधाने काही मुलांचे तळपाय लुळावतात, चालताना पाऊल आपटतं. एकाच वाक्यातून औषधाचा गुण आणि दोष दोन्ही कळतात. पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणाऱ्या कळलावीच्या विषारी कंदात कोल्चिसिन असतं, तेही ट्युब्युलिनलाच धरतं. त्याच गटातलं द्रव्य आम्ही गुणसूत्रं तपासताना वापरतो: विभागणी ऐन मध्यावर थांबते आणि ४६ गुणसूत्रं मोजायला मिळतात.

श्वासनलिकेतले केस, म्हणजे पक्ष्माभिका, याच नळ्यांच्या. कडेला नऊ जोड्या, मधे दोन. त्यांना हलवणारं डायनीन जन्मतः सदोष असेल तर कफ साचून छाती सतत भरते, पुरुषांत शुक्रपेशी पोहत नाहीत, आणि अशा निम्म्या रुग्णांत हृदय उजवीकडे असतं, कारण गर्भात डावं-उजवं ठरवायलाही अशाच केसांची हालचाल लागते. तीन वेगळ्या डॉक्टरांकडे जाणाऱ्या तक्रारी, मूळ एका प्रथिनात.

पेशीपटलाबद्दल इतकंच सांगते की ती नुसती भिंत नव्हे, पेशीचं ओळखपत्रही तिच्यावर असतं. प्लाझ्मा पेशीच्या पटलावर सीडी १३८ हे प्रथिन असतं. शंका आली की आम्ही त्याला चिकटणारी अँटीबॉडी टाकतो, आणि त्या पेशींच्या कडा तपकिरी उमटतात, जशी पेन्सिलने गिरवावी.

वनस्पतीपेशीत हरितलवक, मोठी रिक्तिका आणि सेल्युलोजची भित्तिका जास्तीची. इथे एक चूक मी प्रॅक्टिकलच्या वह्यांत कायम पाहते: कांद्याच्या पापुद्र्याच्या आकृतीत हरितलवक काढलेले. कांदा जमिनीखाली असतो, त्या पापुद्र्यात हरितलवक नसतात. समोर दिसतं ते काढायचं सोडून पुस्तकातलं उतरवलं की हे होतं. रिक्तिका समजून घ्यायला कोशिंबिरीची काकडी पुरे: मीठ घातलं की दहा मिनिटांत जे पाणी सुटतं त्यातलं पुष्कळसं पेशींच्या रिक्तिकांमधलं असतं, आणि काकडी लुळी पडते ती आतला दाब गेल्यामुळे.

तेव्हा तिला सांगा, यादीऐवजी पाच पेशी घे: तांबडी रक्तपेशी, शुक्रपेशी, यकृतपेशी, आतड्यातली श्लेष्म बनवणारी पेशी आणि पालकाच्या पानातली पेशी. प्रत्येकीचं काम एका ओळीत लिही आणि मग ठरव, हिला कुठलं अंगक भरपूर लागेल, कुठलं नसलं तरी चालेल. उत्तर आधी स्वतः लिहायचं, पुस्तक नंतर उघडायचं. चुकलं तर जास्त चांगलं, ते विसरत नाही.

आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत मायक्रोस्कोप मिळाला तर मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं हायड्रिला न्यावं. कोवळं पान काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवायचं, त्याचा पापुद्राही सोलावा लागत नाही, कारण पान दोनच पेशींच्या थरांचं असतं. दिव्याच्या उजेडात थोडी वाट बघायची आणि मधल्या शिरेजवळच्या लांबट पेशींवर नजर ठेवायची. हिरवे हरितलवक भिंतीच्या कडेकडेने एकामागोमाग एक सरकायला लागतात, कोपऱ्यावर वळतात आणि पलीकडच्या बाजूने परत येतात. त्यांना वाहून नेणारे अ‍ॅक्टिनचे धागे त्या मायक्रोस्कोपला दिसणार नाहीत, त्यांची ओढ मात्र दिसते.